उतरताना दुखणारे गुडघे

एकदा एका वृद्ध वैद्यांकडे एक सासू आपल्या बावीस वर्षांच्या सुनेला घेऊन आली. सुनेचे दोन्ही गुडघे दुखत होते. वैद्यांचा शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊकही होतं. सूज नाही, ताप नाही, मार लागलेला नाही, हे त्याने नीट तपासलं. ‘वात’ असं निदान करून तेल दिलं.

पंधरा दिवसांनी दोघी परत आल्या. दुखणं तसूभरही हललं नव्हतं. शिष्याचा चेहरा उतरला.

वैद्यांनी सासूला परसातून निर्गुडीचा पाला आणायला पाठवलं. गुडघ्यांना हातही न लावता त्यांनी सुनेला विचारलं, “पोरी, चढताना दुखतं की उतरताना?”

“उतरताना.”

“म्हणजे डोंगरावरच्या देवळाच्या पायऱ्या. गावात दुसऱ्या आहेत कुठं? वरून काय दिसतं गं?”

शिष्य बघतच राहिला. हा काय प्रश्न झाला? पण मुलीचे डोळे भरून आले.

“नदीपल्याड माझ्या माहेरच्या शेतातली चिंच दिसते. दिवाळीलासुद्धा धाडलं नाही मला. रोज देवाचं नाव सांगून जाते, डोळे भरून बघते, आणि दिवेलागणीच्या आत चूल पेटवायला धावत उतरते.”

वैद्य शिष्याला म्हणाले, “तुझी तपासणी चुकली नव्हती, अर्धी राहिली होती. तरुण गुडघा उगाच दुखत नाही. तो दिवसभर काय करतो हे विचारावं, आणि ते का करतो हेही विचारावं. दुखण्याचं कारण कधीकधी गुडघ्यापासून दोन कोस लांब असतं.”

तेवढ्यात सासू पाला घेऊन आली. वैद्य म्हणाले, “डोंगराच्या पायऱ्या महिनाभर बंद. ही इथं राहिली तर त्या बंद होणार नाहीत. हिला माहेरी धाडा.”

“अहो, मग घरचं कोण बघणार? आणि पायऱ्यांचा नि माहेराचा काय संबंध?” सासू फणकारली. मग सुनेच्या रडवेल्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं आणि तिने हातातला पाला खाली ठेवला.

ती म्हणाली, “दोनशे सात आहेत त्या पायऱ्या. माझं माहेर तर वरूनही दिसत नव्हतं. तरी दोन वर्षं चढत होते मी.” तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला. “उद्याच तुझ्या दादाला निरोप धाडते.”

शिष्याने पाट पुढे सरकवला आणि हळूच विचारलं, “मावशी, बसा ना. तुमचं माहेर कुठलं?”