सरळ केलेला ओढा

फार जुनी गोष्ट आहे, लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनीही.

एका डोंगराच्या पायथ्याशी तुळाजी नावाचा शेतकरी राहत असे. त्याच्या जमिनीत वर माळ होता, खाली काळं रान होतं आणि त्या रानातून एक ओढा वाहत असे. पण ओढा सरळ जात नसे. उंबराला वळसा, खडकाला वळसा, मग लव्हाळ्यात जरा रेंगाळून तो खालच्या गावाकडे जाई.

तुळाजीला ती वळणं खुपत. नांगर सारखा फिरवून घ्यावा लागे. एका उन्हाळ्यात त्याने ओढा सरळ करायचं ठरवलं.

त्याची बायको म्हाळसा म्हणाली, "अहो, असू द्या तो आहे तसा. खाली आपल्या गोजराचं रान आहे."

"मग लेकीला पाणी लवकर मिळेल. त्यात वाईट काय?" तुळाजी म्हणाला.

त्याने उंबर तोडला, खडक फोडला, लव्हाळी उपटली. सरळ चर खणला आणि वळणं बुजवून तिथे ज्वारी पेरली. ज्वारी गुडघ्याएवढी झाली. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो ती हौसेने दाखवी.

श्रावणात डोंगरावर तीन दिवस पाऊस कोसळला. तुळाजीच्या शेतात ओढ्याचं थेंबभरही पाणी शिरलं नाही. खुशीतच तो चौथ्या दिवशी लेकीकडे गेला.

गोजराच्या रानात माती उरली नव्हती. नुसती वाळू आणि गोटे. घराची एक भिंत बसली होती. गोजरा वाकून गोटे वेचत होती.

"आबा," ती म्हणाली, "दरसाल ओढा चालत यायचा. यंदा धावत आला. वर काय झालं असेल हो?"

तुळाजी मग म्हणाला, "ते मी केलं, पोरी."

गोजराचा हात थांबला. ती थोड्या वेळाने पुन्हा गोटे वेचू लागली. तुळाजीही तिच्या शेजारी खाली बसला आणि वेचू लागला.

त्याच हिवाळ्यात तुळाजीने वळणं पुन्हा खणली. लव्हाळी दोन वर्षांत परतली. गोजराच्या रानात पीक उभं राहायला मात्र नऊ वर्षं लागली. तोवर तिच्या घरचं धान्य तुळाजी स्वतःच्या पाठीवरून पोचवत राहिला.

आपल्या जमिनीत आपण जे करतो ते आपल्या बांधाशी थांबत नाही, म्हणून कुदळ उचलण्याआधी खाली कोण राहतं ते पाहावं.