बिननावाचं पाणी

तिवरपाड्याच्या धक्क्यावर पाहुणे उतरले, की गावचे हसुराम मोकल त्यांना आधी वर, डोंगराकडे बघायला सांगतात. तिथे पाणी निघतं तो झरा. कातळावरून उड्या घेत खाली येतो तो पऱ्या, शेतांच्या कडेनं वाहतो तो ओढा, आणि गावापाशी येऊन पसरते ती खाडी. पाणी एकच, पण थोडं चाललं की नाव बदलतं. फक्त वरचं शेवरगाव आणि खालचा तिवरपाडा यांच्या मधला चारशे पावलांचा तुकडा बिननावाचा आहे. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बांबू उभा आहे आणि मधे काठावर पेंढ्यानं शाकारलेली एक झोपडी. तेवढ्या पाण्यात कुणी जाळं लावत नाही, कुणी बांध घालत नाही.

असं सांगतात, की दोन्ही गावं आगऱ्यांची, एकमेकांत सोयरिकी असलेली. पूर्वजांनी वाटणी केली होती : ओढा शेवरगावचा, खाडी तिवरपाड्याची. ओढा नेमका कुठे संपतो, हे विचारायची वेळ कुणावर आली नव्हती. मग एका वर्षी उधाणाचं खारं पाणी शेवरगावच्या भातशेतात चढलं आणि त्यांनी ओढ्याच्या शेवटाला बांध घालायला घेतला. तिवरपाड्याची माणसं वल्ही घेऊन धावली. जिथवर खाडीतला जिताडा मासा चढतो तिथवर खाडी, असं त्यांचं म्हणणं. दोघांची डोकी फुटली, तेव्हा पंच बसले.

पंचांनी पदीचं नाव घेतलं. पदी शेवरगावची लेक आणि तिवरपाड्याची सून. कालवणात मीठ किती पडलंय ते ती म्हणे नुसत्या वाफेवरून सांगायची. तिनं पाणी चाखायचं, गोडं संपेल तिथे बांबूची काठी रोवायची आणि ती दोन्ही गावांनी मानायची, असं ठरलं.

भाऊ जोमा तिला वाटेत भेटला. "बाय, बापाचं शेत डोळ्यांपुढं ठेव. नायतर माहेरची वाट मोडली समज."

सासरा पोशा दारात जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही. "सून म्हणून चाललीस, सून म्हणूनच परत ये."

पदीनं मनाशी ठरवलं होतं, की काठी बरोबर मधे रोवायची. दोघांचं थोडं थोडं जाईल, पण दोन्ही दारं उघडी राहतील. दोन गावांच्या मधोमध असलेल्या खडकापाशी तिनं ओंजळ तोंडाला लावली. पाणी गोडं होतं. काठी रोवण्याआधी पुन्हा एकदा बघावं म्हणून ती थांबली, तोवर भरती लागली आणि त्याच जागी तोंड खारट झालं. ती वर गेली. तिथेही तासाभरानं खारं. सुकतीला, पाणी ओसरताना, खाली आली, तर सकाळी खारं होतं तिथे आता गोडं.

तिला बसवेना. ती वर जाई, खाली येई. काठी खांद्यावरून उतरेना. धुणं धुणाऱ्या बाया हसायच्या, "काय गो पदे, तहान भागली नाय काय अजून?" शेवरगावचा एक म्हातारा बांधावरून ओरडायचा, "सगळी खाडीच पिऊन टाक पोरी, तंटा मिटंल."

नवरा कमळू पेज घेऊन आला. "रोव ना कुठं तरी. कोन बघतंय?"

"जीभ बघते ना," पदी म्हणाली.

एका अवसेपासून दुसऱ्या अवसेपर्यंत ती चालत राहिली. उधाणाला खारं पाणी कुठवर चढतं आणि भांगाच्या, लहान भरतीच्या दिवसांत गोडं कुठवर उतरतं, ते तिनं दगड मांडून ठेवलं. तिची जीभ फोडांनी भरली, तळव्यांच्या भेगांत चिखल बसला. दोन्ही काठांवर माणसं टिकाव, वल्ही घेऊन वाट बघत होती. सांगेल ते एका घराला दुखवणारच, हे तिला कळत होतं. ते एक घर कोणतं, एवढंच तिला ठरवायचं होतं.

शेवटच्या दिवशी तिनं काठी मोडून तिचे दोन तुकडे केले. एक खारं चढतं त्या वरच्या टोकाला रोवला, दुसरा गोडं उतरतं त्या खालच्या टोकाला.

"वरच्याच्या वर ओढा, खालच्याच्या खाली खाडी," ती म्हणाली. "मधलं दोन्ही नाय. मला त्याचं नाव येत नाय. नाव नाय त्याला धनी नाय."

मग शेवरगावच्या लक्षात आलं, की बांध चारशे पावलं वर सरकला, आणि तिवरपाड्याच्या लक्षात आलं, की जाळी चारशे पावलं खाली आली. एकाच घराला दुखवायचं होतं. तिनं दोन्ही दुखवली. जोमा थुंकून वळला. पोशानं कमळूचा दंड धरून त्याला होडीत बसवलं.

पदी कुठेच गेली नाही. मधल्या खडकापाशी तिनं पेंढ्याचं छप्पर उभं केलं. तिसऱ्या दिवशी वरच्या बांबूपाशी भावजय भाताचं मडकं ठेवून गेली. त्याच सकाळी खालच्या बांबूपाशी कमळूनं खाडीतली भाजलेली मासळी, बोयटं, ठेवली. मीठ कशातच नव्हतं. जिभेचे फोड दोघांनीही पाहिले होते. त्या मधल्या पाण्यात पुढे जिताड्याची पिलं वाढली, म्हणे, आणि मोठी होऊन तिवरपाड्याच्या जाळ्यांत उतरली. शेवरगावचा बांधही वरच्या जागेवर टिकला. मग दोन्हीकडून बोलावणी आली. पदी ऐकून घ्यायची आणि पाणी चाखायला उठायची. ती गेली, की नुसती चालत राहिली, हे हसुरामना ठाऊक नाही.

आजही दोन्ही गावांतली कुणी बाई घरात भांडून, रुसून निघाली, तर ती त्या झोपडीत येऊन राहते. वरून भात येतो, खालून मासळी येते, दोन्ही अळणी. मडकं ठेवणारा तिची ख्यालीखुशाली विचारतो, गुरावासरांचं सांगतो. कधी परत येणार, हे मात्र कुणी विचारत नाही.