मोजणीदाराचा दोर

फार जुन्या काळी एका म्हाताऱ्या डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. ऊन-पावसानं झिजून झिजून डोंगर पार बुटका झाला होता, पण गावचा झरा त्याच्याच पोटातून यायचा.

एक दिवस दवंडी आली. राजाला किल्ला बांधायचा होता. ज्याची उंची वीस दोर भरेल तोच डोंगर, बाकीची सगळी टेकाडं. ती फोडून दगड न्यायचे. मोजणीदार आठ दिवसांत येणार होता.

गाव बेचैन झालं. कामाला हात लागेना. जो तो अंगणात यायचा, डोंगराकडे बघायचा अन् पुन्हा आत जायचा. शेवटी पाटलानं तोड काढली. डोंगराच्या कमरेचे दगड उपसायचे अन् माथ्यावर रचायचे.

गावात भिवबा नावाचा म्हातारा होता, विहिरी खोदणारा. ते दगड काढू नका, झरा त्यांनीच धरलाय, असं तो दारोदार सांगत फिरला.

पाटील म्हणाला, "भिवबा, जन्मभर खड्ड्यात बघितलंत तुम्ही. शेंड्याचं तुम्हाला काय कळणार?"

सगळे हसले अन् दगड वाहू लागले. सहाव्या दिवशी झरा गढूळ झाला. आठव्या दिवशी त्याची धार करंगळीएवढी राहिली.

मोजणीदार आला. माथ्यावरच्या राशीला त्यानं नुसती काठी टेकवली, तशी रास घरंगळत खाली गेली. दोर भरले अकरा. वहीतलं डोंगराचं नाव खोडायला त्यानं बोरू उचलला.

भिवबानं विचारलं, "राव, दोर कुठून धरला?"

"जमिनीपासून."

"मग जमिनीखाली काय आहे तेही बघा की."

त्यानं मोजणीदाराला गावामागच्या कोरड्या विहिरीत उतरवलं. तळाला माथ्यावरचाच दगड होता. तसाच काळा, तशाच पांढऱ्या रेघा, तसाच तिरपा.

भिवबा म्हणाला, "चार कोसांत साठ विहिरी खोदल्या मी. प्रत्येकीच्या तळाला हाच. वरची माती म्हणाल, तर तीही ह्याचीच, झिजून खाली आलेली. तिच्यावर उभे राहून तुम्ही ह्याला टेकाड म्हणता."

"मग ह्याचं बूड कुठं आहे?"

"मला लागलं नाही. तुम्हाला लागलं, तर तिथून मोजा."

मोजणीदार बराच वेळ ओणवा होऊन दगडावरून हात फिरवत राहिला. मग वर येऊन त्यानं दोर गुंडाळला. वहीत 'डोंगर' असं लिहिलं अन् उंचीची जागा कोरी ठेवली.

पाटील मान खाली घालून उभा होता. घरंगळलेला एक दगड खांद्यावर घेऊन भिवबा डोंगराच्या कमरेकडे निघाला. मागून पाटलानं त्याहून मोठा उचलला.

झरा निवळायला मात्र दोन पावसाळे गेले.

तात्पर्य: झिजल्यानं डोंगराचं डोंगरपण जात नाही, त्याला उंच दाखवायच्या घाईत आपणच त्याची कंबर मोडतो.