हाकेनंतरचं पान

फार फार वर्षांपूर्वी, कुठल्या राज्यात ते विचारू नका, मलाही कुणी सांगितलं नाही, एका खोल दरीच्या काठावर एक गाव होतं. गावात एक जुनी पोथी होती, आणि गावाचा सगळा दिवस त्या पोथीतल्या एका गोष्टीवर चालायचा.

गोष्ट अशी: पुरात आदिमाईची लेकरं दरीपलीकडे राहिली. दिवस मावळताना ती काठावर उभी राहिली. तिने हाक मारली आणि ती घरी परतली.

म्हणून गावाने सकाळी माईसारखा सडा घालायचा, दुपारी माईसारखा पहिला घास बाजूला काढायचा. आणि दिवस मावळताना सगळ्यांनी काठावर जाऊन ‘या रे, या!’ अशी हाक मारायची, लगेच पाठ फिरवायची आणि झांजा वाजवत घरी यायचं. एरवी तिथे कुणी फिरकायचं नाही, जागा पवित्र.

त्या गावात एक बाई होती. तिची लेक दरीपलीकडच्या गावात दिलेली. आठ वर्षांपूर्वीच्या पुरात मधला साकव वाहून गेला, आणि लेक आहे की नाही एवढंही कळेनासं झालं. सगळे ‘या रे’ म्हणत तेव्हा बाई मनात ‘ये गं’ म्हणायची. परतताना तिला वाटायचं, क्षणभर थांबावं. पण साऱ्या गावाने पाठ फिरवलेली. आपण एकट्याच का शहाण्या? मग तीही वळायची.

वर्षातून एकदा पोथीला ऊन दाखवायची रीत होती. त्या वर्षी पाळी बाईची आली. पानं मोकळी करताना एक पान तिच्या बोटांना जाड लागलं. पूजेच्या तेलाने आणि हळदकुंकवाने दोन पानं चिकटून एक झाली होती.

तिने ते पान भाताच्या वाफेवर धरलं.

शेजारीण ओरडली, “अगं बये, पोथी शिजवतेस की काय!”

“चुकत असेन मी,” बाई म्हणाली. “माझं नेहमीचंच आहे ते.” पण हात काही मागे घेतला नाही.

पानं सुटली. आत लिहिलं होतं: ‘माईने कान दिला. ओ येईपर्यंत ती जागची हलली नाही.’

बाई धावत पोथी वाचणाऱ्या आजोबांकडे गेली. “आजोबा, आजच्या दिवस झांजा नकोत.”

“म्हणजे? इतकी वर्षं आम्ही चुकीचं वाचलं?”

“वाचलं बरोबरच. पान राहिलं.”

आजोबांनी ती ओळ एकदा वाचली, पुन्हा वाचली, आणि झांजा खुंटीला अडकवल्या.

त्या संध्याकाळी गावाने हाक मारली आणि गाव थांबलं. आधी नुसता वारा आला. बाईला वाटलं, उगाच सगळ्यांना उभं केलं मी. घरी चुली खोळंबल्यात. आणि ओ आलीच नाही तर? न येणारी ओ ऐकण्यापेक्षा झांजाच बऱ्या होत्या.

तेवढ्यात पलीकडून बारीक आवाज आला.

“ओ ऽऽ! आई! रोज देते गं ओ, रोज! तू थांबतच नाहीस!”

मग काठावर एकच गलबला झाला. जो तो आपल्या माणसाला नावाने हाक मारू लागला. आजोबांनीही पलीकडे राहिलेल्या आपल्या धाकट्या भावाला हाक मारली. कितीतरी वेळ काही आलं नाही. शेवटी पलीकडून कुणी अनोळखी आवाज हळूच म्हणाला,

“आजोबा, मागच्या वर्षापर्यंत देत होते ते ओ.”

पुढे दोन्ही काठांनी मिळून साकव बांधला. लेक आईच्या गळ्यात पडली. तरीही गाव रोज दिवस मावळताना काठावर जायचं, हाक मारायचं आणि गप्प उभं राहायचं. सगळ्यांत शेवटी आजोबा घरी परतायचे.

म्हणून लेकरांनो, आणि लेकरांच्या आयांनो: हाक मारणं ही अर्धीच भक्ती, ओ ऐकायला थांबणं ही उरलेली अर्धी.