शेठने बदललेले इंजिन

एकदा एका जंक्शनच्या गावी एक शिष्य खोके छातीशी धरून आपल्या वृद्ध गुरुजींकडे धापा टाकीत आला. खोक्यात होती मालगाडीच्या वाफेच्या इंजिनाची हातभर लांबीची पितळी प्रतिकृती. अशा प्रतिकृती जमवणाऱ्यांचे गावात एक मंडळ होते आणि त्यातल्या निम्म्या लोकांना हा नाद गुरुजींनीच लावला होता. शिष्याचे इंजिन म्हणजे मंडळाचे भूषण. इतके हुबेहूब, की नुसते पाहून शेजारच्या आजीबाईंना धुराचा ठसका लागे. खोटे वाटत असेल तर आजीबाईंना विचारा.

"गुरुजी, घात झाला! शेठनं माझं इंजिन बदललं."

शेठ म्हणजे कापडाचा व्यापारी, शिष्याचा बालमित्र. त्याच्याकडेही असेच इंजिन होते, जरा जुनाट दिसणारे. परगावच्या प्रदर्शनात मांडायला म्हणून त्याने शिष्याचे इंजिन नेले आणि परवाच परत आणून दिले.

"कशावरून म्हणतोस?"

"धुराड्याचा रंग बघा, फिका आहे. कंदिलाची काच पिवळसर. आणि परत द्यायला आला तो पेढे घेऊन! मन साफ असलेला माणूस पेढे कशाला आणेल? रविवारी भर मंडळात त्याचं नाव घेणार आहे मी."

नाव घेतले गेले असते, तर शेठला मंडळाचे दार बंद होते आणि बालपणापासूनची मैत्री तिथेच संपत होती. गुरुजींनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"रविवारपर्यंत हे माझ्याकडे ठेव," एवढेच ते म्हणाले.

इंजिन दुसऱ्याच्या घरी ठेवायचे, तर झाकणावर कागदी पट्टी चिकटवून मालकाने तिच्यावर सही करायची, असा मंडळाचा रिवाज. शेठच्या वेळी मैत्रीखातर शिष्याने तो पाळला नव्हता. या वेळी मात्र गुरूच्या घरीसुद्धा पाळला.

रविवारी सकाळी तो हजर झाला. गुरुजी म्हणाले, "उघड आणि नीट बघ. चारचौघांत बोलायचं तर खात्री हवी."

शिष्याने घाईघाईने ब्लेडने पट्टी कापली, भिंग डोळ्याला लावले आणि त्याचा चेहरा उतरला.

"गुरुजी, शिट्टी डावीकडे कललीय. चाकांचा दांडा सैल लागतोय. हे आधी नव्हतं!" त्याने आवाज खाली आणला. "इथे कोण येऊन गेलं?"

"शेठ आला होता. चहा पिऊन गेला."

"तरी म्हटलं! आणि तुम्ही त्याला इथे एकटं सोडलंत? का तुम्हीही त्याला..." पुढचा शब्द गिळून शिष्याने जीभ चावली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, "ती खाली पडलेली पट्टी उचल."

शिष्याने उचलली. सही त्याचीच होती. त्याच्या ब्लेडच्या एका कापाखेरीज कागदाला कुठेही धक्का नव्हता. खोके उघडलेच गेले नव्हते.

"बंद खोक्यात शिट्टी कलली, दांडा सैल झाला," गुरुजी म्हणाले. "आणखी आठवडाभर ठेवलं असतं, तर मागे डबेही लागले असते! बाळा, संशय मनात धरून तपासायला बसलं, की भिंगाला पुरावे कमी पडत नाहीत. परवा तुझं भिंग शेठवर होतं, आज माझ्यावर आलं. इंजिन बिचारं तसंच राहिलं."

शिष्याने पट्टी खोक्यावर ठेवली. मग आशेने विचारले, "म्हणजे शेठनं ते बदललेलं नाही?"

"मला काय ठाऊक? मी उघडलंच नाही. बदललंही असेल." गुरुजी मिस्कील हसले. "पण एखाद्याला चोर ठरवायचं तर साक्षीदार धड हवा. तुझे डोळे आज साक्षीला उभे करण्याजोगे नाहीत."

शिष्य पोहोचला तेव्हा मंडळाची सभा भरली होती. शेठने शेजारची खुर्ची रुमाल टाकून धरून ठेवली होती. "काय रे, उशीर केलास? बरं आहे ना?"

शिष्याने रुमाल उचलून त्याच्या हाती दिला आणि शेजारी बसला. कोणाला काही सांगायचे आहे का, असे अध्यक्षांनी विचारले. शिष्याने नकारार्थी मान हलवली. शेठ त्याच्याकडे पाहून हसला. ते हसू कसले होते, हे ठरवण्याची घाई शिष्याने केली नाही.