दारातला मापाचा माणूस

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलं नाही. तिथं एका शहराहून दुसऱ्या शहरी जायचं म्हणजे महिना मोडायचा. मग दुकान किंवा घर घ्यायचं तर बघायला कोण जाणार? लोक चित्र बघूनच घ्यायचे. जागेचा मालक चिताऱ्याला बोलवायचा, चितारी जागेचं हुबेहूब चित्र काढायचा आणि ते चित्र गावोगाव फिरायचं.

आता चित्रातलं दार खरोखर केवढं आहे, हे कळावं कसं? त्यासाठी एक रीत होती. प्रत्येक चित्रात दाराशी एक माणूस उभा काढायचा. त्याला मापाचा माणूस म्हणत. त्याच्यावरून बाकीच्याचा अंदाज यायचा. खाली चितारी शाईत बुडवून अंगठा उमटवायचा, आणि तो अंगठा म्हणजे शपथ. ज्याचं माप खोटं निघालं त्याला जन्मात पुन्हा अंगठा उमटवता येत नसे. अंगठ्याशिवायच्या चित्राला कुत्रंही विचारत नसे.

तर त्या राज्यात एक चितारी होता. हात मोठा गोड होता त्याचा. पण बिचाऱ्याच्या वाट्याला यायचे ते गोठे आणि धर्मशाळा. आणि एक दिवस त्याला शहरातल्या एका बड्या शेठजींचं बोलावणं आलं.

शेठजींनी बाजार बांधला होता. साधासुधा नाही हं. एका छताखाली साठ दुकानं, दोन मजले, मधोमध कारंजं! ऊन नाही, चिखल नाही. लांबलांबच्या व्यापाऱ्यांनी तिथं दुकानं थाटावीत म्हणून सात शहरांना सात चित्रं पाठवायची होती.

चितारी हरखूनच गेला. तहानभूक विसरला. सकाळचं ऊन कारंज्यावर पडलं की हा खाली धावे, दुपारचं ऊन सज्ज्यात आलं की हा वर. बायकोला त्यानं मुख्य दारात उभं केलं होतं, कारण त्यांच्या घरात मापाचं माणूस तीच.

"अहो, पाय भरून आले माझे," ती म्हणाली.

"अगं, कमान काय दिसतेय बघ तरी."

"कमान माझ्या पाठीमागे आहे. मला काय दिसणार, कपाळ?"

आठव्या दिवशी शेठजी चित्र बघायला आले. बघून खूश झाले, पण हनुवटी खाजवत म्हणाले, "दार जरा बेताचंच वाटतंय."

"दीड पुरुष उंच आहे. तेवढंच काढलंय, शेठजी."

"मग दाराला हातसुद्धा लावू नकोस. दारातली बाई तेवढी निम्मी कर. अरे, सात शहरांत नाव होईल तुझं. उद्या राजवाड्याचं काम तुलाच मिळेल."

चिताऱ्यानं कुंचला खाली ठेवला. पण राजवाडा हा शब्द काही डोक्यातून जाईना. भिंत तीच, कमान तीच, एक रेघ इकडची तिकडे नाही, मग यात खोटं ते काय? असं स्वतःला पटवून त्यानं बाई निम्मी केली. आणि काय सांगू तुम्हाला, बाजार एकदम आभाळाला टेकला! चिताऱ्यानं टाळ्या पिटायच्याच बाकी ठेवल्या.

बायकोनं चित्र पाहिलं. "मी एवढी बुटकी कधी झाले हो?"

"लांबून तसंच दिसतं."

"वीस वर्षं नाही दिसलं ते?"

त्यानं शाईची वाटी पुढे ओढली. सातही चित्रांवर त्यानं अंगठा उमटवला.

बाजार उघडायचा दिवस आला. तोरणं लागली, चौघडा वाजू लागला, अख्खं शहर लोटलं. सगळ्यात आधी आला तो लांबच्या शहरातला काहिलींचा व्यापारी. लग्नाच्या जेवणावळींसाठी लागणाऱ्या गाडीएवढ्या तांब्याच्या काहिली घेऊन तो थेट हत्तीवरून आला. माहूत म्हणाला, "मालक, दार ठेंगणं दिसतंय." पण हत्ती कसला ऐकतोय. "मी चित्र पाहिलंय," हत्ती सोंड उंचावून म्हणाला. "त्या दारातून माझ्यासारखे दोन जातील." आणि चौघड्याच्या तालावर डुलत डुलत तो आत घुसला.

डोकं गेलं. खांदे गेले. पोट अडकलं. ना पुढे, ना मागे. काहिली धडाधड खाली आल्या. पोरांना हसू आवरेना.

व्यापारी मात्र हसला नाही. तो पायरीवर मटकन बसला. "मी गावचं दुकान मोडून आलोय," तो म्हणाला. "बायकामुलं मागच्या गाड्यांत आहेत. आता या काहिली घेऊन कुठं जाऊ?"

पंच जमले. शेठजी छाती पुढे काढून म्हणाले, "दार मोजा की. चित्रात कमान जशी, तशीच इथं आहे."

पंचांनी चित्र पाहिलं, कमान पाहिली, दारातल्या बाईकडे लक्षही दिलं नाही, आणि माना डोलावल्या. आता चितारी गप्प बसला असता तरी निभावलं असतं. पण पायरीवर बसलेल्या त्या माणसाकडे त्याच्यानं बघवेना. तो पुढे झाला. "कमान खरी आहे," तो म्हणाला. "दारातली बाई खोटी आहे. ती मी निम्मी केली."

मग निवाडा झाला. हत्तीला सोडवायला शेठजींची नवीकोरी कमान फोडली गेली. मागच्या मैदानात व्यापाऱ्याला हत्ती मावेल एवढं दुकान शेठजींनीच बांधून द्यायचं ठरलं. आणि चिताऱ्याचा अंगठा उमटवायचा हक्क कायमचा गेला.

मग त्याला काम देणार कोण? दिलं, दुसऱ्या चिताऱ्यांनीच दिलं. तो त्यांच्या चित्रांत मापाचा माणूस म्हणून उभा राहू लागला. उन्हातान्हात, तासन् तास, ताठ. एखाद्या तरुण चिताऱ्यानं हळूच म्हटलं, "काका, तुम्हाला थोडं लहान काढू का?" तर तो दारातून खाली उतरायचा आणि तडक घराची वाट धरायचा.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीसुद्धा ऐका: ज्या मापावर भरवसा ठेवून कुणी आपलं घर सोडून येतो, त्या मापात केसभरही खोट येऊ देऊ नये.