स्फटिकाच्या कुंभातला स्वर

एका राज्यात आवाज नव्हता. घाटावर धुणं आपटलं जाई, ते मुक्यानं. ऐरणीवर घण पडे, तोही मुक्यानं. कोंबडा पहाटे मान ताणून चोच उघडी आणि आपणच बावचळून खाली बसे.

हे ओढवलं होतं राजा भीमकेतूच्या वागण्यानं. कपिलाक्ष नावाचा एक म्हातारा मांत्रिक दरबारात फिर्याद घेऊन आला. राजाला ती ऐकायची नव्हती. त्यानं नगारे वाजवायची खूण केली. म्हातारा बोलत राहिला, नगारे वाजत राहिले. नगारे थांबले तेव्हा मांत्रिक एवढंच म्हणाला, "राजा, आवाज तुला पेलत नाही. तो मी नेतो." त्यानं राज्यातला सगळा नाद एका स्फटिकाच्या कुंभात भरला आणि सीमेपलीकडच्या तळ्यात बुडवला.

त्याच दिवशी तंबोरे करणाऱ्या तुंगाला मुलगी झाली. तिनं हौसेनं नाव ठेवलं मंजुळा. वर्ष उलटलं, पण आईनं लेकीचा आवाज ऐकला नाही. एकदा तुंगा तंबोऱ्याचा भोपळा कोरण्यात गढली होती आणि मागे झोळीची दोरी पोरीच्या गळ्याभोवती आवळली. पोर जिवाच्या आकांतानं रडत होती. तुंगानं सहज वळून पाहिलं, म्हणून ती वाचली. त्यानंतर तुंगाला पोरीकडे पाठ करायची धास्तीच बसली. शेवटी तिनं मंजुळाला जावेच्या ओटीत दिलं आणि तळ्याची वाट धरली.

सीमा ओलांडली तशी तिला आपली पावलं ऐकू आली. ती घाबरून थांबली, मग रडली, मग चालू लागली.

तळ्याकाठी कपिलाक्ष बसला होता. बाभळीच्या फांदीवर त्याचा खंड्या होता.

"कुंभ हवा?" मांत्रिकानं विचारलं. "तळ्यात दोर बांधलेला आकड्याचा भाला तरंगतो आहे, तो आण. त्यानं तळाचा कुंभ एका फेकीत वर काढ. मग हात न लावता तो फोड."

काठावर राजाचे दहा सरदार आधीच मुक्काम ठोकून होते. ते भाल्याच्या पलीकडे दगड टाकत. लाट काठाकडे येते तेव्हा भाल्यालाही घेऊन येईल, असा त्यांचा हिशेब. लाट येई, भाला तिथंच वर-खाली होई. तरी मंडळी दगड टाकतच होती. दरबारी माणसं ती, वाट पाहण्यात त्यांचा हात कोण धरणार?

तुंगानं घटकाभर पाहिलं. तंबोऱ्याची तार छेडली की थरार ती जिच्यावर टेकते त्या घोडीपर्यंत धावतो, पण तारेवर लावलेला शाईचा ठिपका जागचा हलत नाही, तिथंच नाचतो. हे ती रोज पाहत आली होती.

"लाट पुढे जाते, पाणी जात नाही," ती सरदारांना म्हणाली. तिनं पदर खोचला, पोहत गेली आणि भाला घेऊन आली.

पाणी निवळ होतं. तळाशी कुंभ स्पष्ट दिसत होता. तुंगानं नेम धरला, तोच खंड्या बोलला, "बाई, मासा दिसतो तिथं नसतो."

तिनं हात आवरला. भाला तिरका पाण्यात धरला, तर तो पाण्याच्या रेषेवर मोडल्यासारखा दिसला आणि बुडालेला भाग वर उचलल्यासारखा. बाहेर काढला, तर सरळ.

"वाकतो तो उजेड," ती पुटपुटली. मग दिसणाऱ्या कुंभाच्या बरंच खाली नेम धरून तिनं भाला सोडला. आकडा कुंभाच्या कानात अडकला.

तिनं दोर ओढला आणि कुंभ वाळूवर आला. सरदारांना हुरूप चढला. "सगळे मिळून ओरडू या!" ते घसा फोडून ओरडले. कुंभ ढिम्म राहिला.

"याचा आपला एक स्वर असेल," तुंगा म्हणाली. "माझ्या घरी एक तंबोरा छेडला की भिंतीवरचा दुसरा आपोआप गुंजायचा. पण जुळलेला असला तरच."

"हात लागता कामा नये," मांत्रिकानं बजावलं.

"हात नाही लागणार. स्वर लागेल."

ती खर्जापासून हळूहळू वर गुणगुणत गेली. कुंभावर तळ्याचे थेंब होते, तिची नजर त्यांच्यावर. एका ठिकाणी थेंब शहारले. तिनं तोच स्वर धरला. श्वास संपला, थरथर विरायच्या आत तिनं पुन्हा धरला. झोपाळ्याला वेळेवर झोका द्यावा, तसा. तिचा घसा सोलवटला, डोळ्यांपुढे अंधारी आली, पण मंजुळाचा मुका रडवेला चेहरा तिला सोडीना. तिसऱ्या श्वासाला कुंभ तडकला.

सर्वांआधी त्यातून कपिलाक्षाचाच आवाज निघाला. "राजा, माझा मुलगा चोर नाही. चोरी झाली तेव्हा मी तापानं फणफणलो होतो आणि तो माझ्या उशाशी बसला होता. मला विचार."

ते शब्द पाण्यावरच्या वलयासारखे पसरत राजधानीकडे गेले. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं.

"मुलाची बेडी तू मंत्रानं तोडली असतीस," तुंगा म्हणाली.

"बेडी तुटली असती. चोर हे नाव नसतं तुटलं."

दोघं वेशीशी पोहोचली तेव्हा राजा अनवाणी उभा होता. शेजारी कपिलाक्षाचा मुलगा, मोकळा.

"ऐकलं," राजा म्हणाला. "उशिरा ऐकलं. तुमचा मुलगा चोर नाही, ही दवंडी मी स्वतः पिटतो."

कपिलाक्षानं मुलाचा हात धरला आणि राज्यावरचा शाप पूर्ण उतरला. त्या दिवसापासून त्या दरबारात कोणी बोलत असताना नगारा वाजला नाही.

तुंगा मात्र थांबली नाही. ती धावत घरी गेली आणि तिनं दारातूनच हाक मारली, "मंजुळा!"

पोरीनं जन्मात आईची हाक ऐकली नव्हती. ती दचकली आणि तिनं भोकाड पसरलं. आवाज मंजुळ मुळीच नव्हता. घोगरा, फाटका, गल्ली डोक्यावर घेणारा.

"अगं, उगी कर तिला," जाऊ म्हणाली.

तुंगानं पोरीला छातीशी धरलं. पण 'उगी' हा शब्द काही केल्या तिच्या तोंडून निघेना.